इथून निघाली, तिथे पोचली नाहीत

माझ्या वडिलांना स्टेकिंग शिकवलं ते माझ्या धाकट्या भावाने, आणि निस्तरत बसले ती मी. भाऊ बंगळुरूला असतो. बाबांच्या पंचाहत्तरीला तो आला, तेव्हा त्याने शाल नाही, घड्याळ नाही, त्यांच्या फोनवर एक वॉलेट उघडून दिलं आणि त्यात कसलीशी क्रिप्टो टोकनं टाकली. "बाबा, ही नुसती ठेवायची नाहीत. कामाला लावायची," असं म्हणून दुपारची जेवणं झाल्यावर त्याने त्यांना शिकवलं आणि संध्याकाळच्या विमानाने निघून गेला. जाताना मला म्हणाला, "ताई, काही अडलं तर बघ हं. सोप्पं आहे."

सोप्पं आहे! हे दोन शब्द ज्या माणसाला सहज म्हणता येतात, तो माणूस नेहमी दुसऱ्या गावात राहत असतो.

मला जेवढं कळलं ते असं. ब्लॉकचेन म्हणजे व्यवहारांची एक साखळी. तिच्यावरचे व्यवहार खरे की खोटे हे तपासायला जगभर माणसं आपापले संगणक अखंड चालू ठेवून बसलेली असतात. त्यांना व्हॅलिडेटर म्हणतात. आपण आपली टोकनं त्यांच्यातल्या एखाद्याच्या नावावर बांधून ठेवायची, हेच ते स्टेकिंग. त्याने काम चोख केलं तर साखळीकडून बक्षीस म्हणून नवी टोकनं मिळतात, त्यातला थोडा वाटा त्याचा, बाकी आपला. त्याचा संगणक बंद पडला तर बक्षीस थांबतं, आणि त्याने लबाडी केली तर आपलीही टोकनं कापली जातात. बांधलेली टोकनं पुरती सोडवायची म्हटली तर तीन आठवडे थांबावं लागतं, एकाकडून काढून दुसऱ्याच्या नावावर मात्र लगेच बांधता येतात. आणि अशा साखळ्या एक नाही, कितीतरी. प्रत्येकीचं टोकन वेगळं, नियम वेगळे, पण एकमेकींना जोडलेल्या. इकडची टोकनं तिकडे पाठवायची, तिथे बांधायची, तिथलं बक्षीस तिसरीकडे न्यायचं.

मला वाटलं होतं, बाबा आठवडाभर बघतील आणि सोडून देतील. पण बाबांची सगळी नोकरी विजेच्या सबस्टेशनात गेली. विठ्ठलवाडीच्या बाजूला ते शिफ्ट इंजिनिअर होते. काही बंद पडता कामा नये, पडलंच तर का पडलं ते कुणीतरी सांगितलं पाहिजे, आणि आपल्या जागी दुसरा आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हा त्यांचा स्वभाव की नोकरी हे आम्हाला कधी कळलं नाही. निवृत्तीनंतर ते डोंबिवलीच्या घरात आईच्या फ्रिजचा, मिक्सरचा, गच्चीवरच्या पंपाचा जीव खात होते. आता त्यांना जगभरचे संगणक मिळाले. कुठला व्हॅलिडेटर किती वेळ चालू होता, कुठल्याचा मधेच खंड पडला, हे सगळं उघड दिसतं म्हणे. बाबा रोज सकाळी चहाबरोबर ते बघायचे आणि मला ऑफिसात फोन करायचे.

"अगं, तो हिरव्या चिन्हाचा होता ना, तो काल रात्री झोपला."

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे."

"म्हणजे त्याचा संगणक झोपला. खुलासा पण नाही दिला त्याने. मी त्याच्याकडून काढून दुसऱ्याकडे देतोय. हो म्हणायचं बटण कुठलं?"

मी ठाण्यात एका विमा कंपनीत क्लेम विभागात काम करते. दिवसभर फोनवर लोकांना 'तुमचं प्रकरण प्रोसेसमध्ये आहे' असं सांगते. त्या लोकांच्या मधे बाबा. भावाला फोन केला तर तो म्हणायचा, "ताई, मी डिप्लॉयमेंटमध्ये आहे, रात्री बोलू." ती रात्र काही आली नाही.

या साखळ्यांवर मतदानही असतं. नियम बदलायचा, खर्च करायचा, की टोकनवाल्यांनी मत द्यायचं. बाबांच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट किती वर्षं अडलंय. सभा लागली की बाबा पाच मिनिटं बसून उठून येतात, म्हणतात, तिथे कुणी कागद वाचून येत नाही. पण कुठल्याशा साखळीवरच्या प्रस्तावाचं पान न् पान ते शब्दकोश घेऊन वाचायचे. एकदा मी रविवारी गेलेले, तर आई म्हणाली, "यांचं जेवण व्हायचंय अजून. कुणाचा तरी पगार वाढवायचा की नाही ते ठरवतायत."

"कुणाचा?"

"मला काय माहीत! यांनाही माहीत नाही."

आतून बाबा ओरडले, "माहीत कसं नाही? त्याने कामाचा अहवालच दिलेला नाही. मी नाही म्हणून दिलंय."

इथपर्यंत नुसता वैताग होता. खरा प्रकार घडला तो गणपती होऊन गेल्यावर, एका शुक्रवारी. दुपारी बाबांचा फोन आला आणि ते नेहमीसारखे घाईत बोलेनात. सावकाश म्हणाले, "अगं, मी टोकनं एका साखळीवरून दुसरीवर पाठवली. इथून निघाली. तिथे पोचली नाहीत."

"पेंडिंग असतील, बाबा."

"निघाल्याची नोंद आहे. इथल्या खात्यात नाहीत, तिथल्या खात्यात नाहीत. मग आहेत कुठे?"

"प्रोसेसमध्ये असतील," मी म्हटलं, आणि म्हणताक्षणी कळलं की काय बोलले ते.

"हे तू तुझ्या गिऱ्हाइकांना सांग," बाबा म्हणाले. "वस्तू एका ठिकाणाहून निघाली आणि दुसऱ्या ठिकाणी पोचली नाही, तर ती मधे असते. मधे कोण आहे?"

भावाला फोन लावला. नाही उचलला. मेसेज केला, पुन्हा लावला, शेवटी त्याच्या बायकोला केला, तेव्हा कुठे साहेब बोलले. दोन साखळ्या एकमेकींशी थेट बोलत नाहीत म्हणे. मधे कुणीतरी एक प्रोग्रॅम चालवत असतं, तो इकडचा निरोप तिकडे नेऊन देतो. बाबांनी ज्या वाटेने टोकनं पाठवली, त्या वाटेवरचा निरोप्या बंद पडला असणार.

"मग त्याला फोन कर," मी म्हटलं.

"कुणाला? ताई, ते कुणाच्या मालकीचं नसतं. ज्याला वाटेल तो चालवतो. वाटलं नाही की बंद करतो."

"अरे, मग बाबांना मी काय सांगू?"

"सांग, टोकनं सुरक्षित आहेत. कुणीतरी निरोप परत फिरवला की परत येतील. थांबायला सांग."

"कुणीतरी म्हणजे कोण आणि कधी?"

"ते नाही सांगता येत. सोप्पं आहे गं तसं, पण…"

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच.

शनिवारी सकाळी आईचा फोन आला. "ये बाई. काल रात्री हे नीट जेवले नाहीत, आणि आत्ता सकाळपासून कुणा हिंदीवाल्याशी फोनवर भांडतायत. तो यांचे कसलेसे गुप्त शब्द मागतोय."

मी हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून निघाले. गुप्त शब्द म्हणजे वॉलेटची किल्ली. ते ज्याच्या हाती पडले, त्याचं सगळं. एवढी एकच गोष्ट भावाने त्या दिवशी मलाही बजावून सांगितली होती. रिक्षा केली. वर्तकनगरहून माजिवड्यापर्यंत यायलाच इतका वेळ गेला की मी रिक्षावाल्याला उगाचच दोनदा बोलले. नाक्यावर मेट्रोच्या कामाचे पत्रे, त्यात एक ट्रक आडवा. माणकोलीच्या पुलावरून डोंबिवली आता जवळ आली असं सगळे म्हणतात. आली असेल, पण पुलापर्यंत कोण पोचवणार? सगळा रस्ताभर मी बाबांना फोन लावत होते आणि त्यांचा फोन एंगेज लागत होता. आईला लावला तर ती म्हणाली, "खोलीचं दार लावून बसलेत. मी मधे बोलले तर माझ्यावरच खेकसले."

मी पोचले तेव्हा बाबा पलंगावर ताठ बसले होते, फोन स्पीकरवर, समोर दुसरा जुना फोन उघडा. पलीकडून कुणीतरी तरुण आवाजात रडकुंडीला येऊन बोलत होता.

"सर, मैं सुबह से बोल रहा हूँ, आप लिंक पे वो शब्द डाल दीजिए, पाँच मिनट में आपका पैसा वापस."

"वो सब ठीक है. पहले शिकायत क्रमांक दीजिए."

"सर, क्रमांक की ज़रूरत नहीं है. मैं सपोर्ट से ही हूँ."

"सपोर्ट में आपका पद क्या है? आपके ऊपर कौन है? उनको बुलाइए."

मी खुणेने सांगत होते, ठेवा, ठेवा. बाबांनी हात वर करून मला थांबवलं. तसाच हात त्यांनी मी लहान असताना, सबस्टेशनमधून फोन आला की वर केलेला मला आठवतो. घरात मग कुणी हूं की चूं करायचं नाही.

"सर, आप समझ नहीं रहे हो," पलीकडचा म्हणाला.

"मैं समझ रहा हूँ. बिना नंबर के शिकायत नहीं होती. आपने मेरा नाम कहाँ लिखा है, पढ़ के सुनाइए."

मग त्या मुलाने एक सणसणीत शिवी दिली आणि फोन ठेवून दिला.

बाबा माझ्याकडे वळले. चेहरा लाल. "तू मधे खाणाखुणा केल्यास. आत्ता वरिष्ठाचं नाव सांगणार होता तो."

"बाबा, तो चोर होता!"

"असेल. पण चोराकडेसुद्धा वरिष्ठ असतो."

झालं होतं ते असं. बाबांनी शुक्रवारी त्या टोकनवाल्यांच्या चॅट ग्रुपवर आपली तक्रार लिहिली होती, खाली नाव आणि मोबाइल नंबरासकट, अर्जावर लिहितात तशी. असे लोक तिथे टपूनच असतात. सकाळी उठल्याउठल्या फोन. बाबांनी शब्द दिले नाहीत ते त्याच्यावर संशय आला म्हणून नव्हे. तक्रारीची पोच मिळाल्याशिवाय ते कुणालाच काही देत नाहीत, म्हणून दिले नाहीत. आयुष्यभर ज्या स्वभावाने आम्ही तिघं हैराण झालो, त्याच्या पुढे तो चोरही टेकीला आला. मला हसावं की रडावं ते कळेना. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं, तो दमणार."

चहा घेताना मी बाबांचा फोन हातात घेतला. टोकनं पाठवलेलं पान उघडलं. दुसऱ्या साखळीवर जायला तिथे दोन वाटा दाखवल्या होत्या, दोन्हींचं नाव जवळजवळ सारखं. एकीच्या खाली बारीक करड्या अक्षरांत लिहिलं होतं की ही वाट जुनी आहे, वापरू नये. बाबांनी नेमकी तीच निवडलेली.

"बाबा, इथे लिहिलंय ना, वापरू नका म्हणून!"

"कुठे?"

"हे काय. इथे."

त्यांनी फोन घेतला. लांब धरला. जवळ आणला. चष्मा वर केला, खाली केला, खिडकीकडे तिरके झाले. मग म्हणाले, "इथे काही लिहिलेलं नाही."

आई माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे. अक्षरं फिकट होती, पण इतकीही नाही.

"मोतीबिंदू पिकलाय," आई हळूच म्हणाली. "डॉक्टरांनी केव्हाचं सांगितलंय ऑपरेशन करा. उजव्याने तर काहीच नाही दिसत यांना, डाव्याने ठळक तेवढं वाचतात. हे म्हणतात, नंतर."

"मला नाही सांगितलंत?"

"तू ओरडली असतीस," बाबा म्हणाले.

मी ओरडलेच. इतके दिवस साचलेलं सगळं ओरडले. फोन, मीटिंग, भाऊ, निरोप्या, माजिवड्याचा ट्रक. म्हटलं, जगातल्या कुठल्याशा संगणकाचा डोळा मिटला तर तुम्हाला खुलासा लागतो आणि स्वतःचा डोळा? बाबा ऐकून घेत होते. ते कधी ऐकून घेत नाहीत, म्हणून मीच मधे थांबले. मग ते म्हणाले, "ऑपरेशननंतर आठवडाभर फोन बघू देत नाहीत. बघणार कोण सगळं? दुसरा आल्याशिवाय उठायचं कसं?"

"मी बघीन," मी म्हणाले. तोंडातून गेलं ते गेलंच.

त्या दुपारी त्यांनी ग्रुपवर पुन्हा इंग्रजीत लिहिलं. ते सांगत होते, मी टाइप करत होते. 'आदरणीय महोदय' पासून सुरुवात. कुठली साखळी, कुठली वाट, व्यवहाराचा क्रमांक, काय झालं, आपली चूक काय झाली तीही. मोबाइल नंबर मी लिहू दिला नाही, त्यावरून पुन्हा वाद. "नंबर नाही तर कळवणार कुठे?" मी म्हटलं, इथेच कळवतील. ते म्हणाले, बिननावाच्या अर्जाला कोण उत्तर देतं?

उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी. कुणा व्हॅलिडेटरचं, ज्याच्या नावाच्या जागी एक शब्द आणि एक बेडकाचं चित्र होतं. त्याने लिहिलं होतं की ती जुनी वाट आता कुणी चालवत नाही, पण त्याच्याकडे तो प्रोग्रॅम अजून आहे, तो थोड्या वेळासाठी सुरू करून अडकलेला निरोप मागे फिरवतो. आणि खाली, इतकी नीट लिहिलेली तक्रार इथे पहिल्यांदाच पाहिली, असंही. संध्याकाळच्या आत टोकनं बाबांच्या जुन्या खात्यात परत आली. त्याने काही मागितलं नाही. बाबांचा फोन आला तेव्हा आवाज बदललेला. "अगं, शिफ्टवर होता कुणीतरी," म्हणाले.

ऑपरेशन आमच्याच घराजवळच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात झालं. आईबाबा दोघंही आठवडाभर माझ्याकडे राहिले. आणि मी आयुष्यात ज्या ज्या गोष्टींची कधी कल्पनाही केली नव्हती, त्या सगळ्या त्या आठवड्यात केल्या. सकाळी डोळ्यात औषध घातलं की बाबा काळा चष्मा लावून खुर्चीत बसायचे आणि मी वाचून दाखवायचे.

"पहिला?"

"चालू."

"दुसरा?"

"चालू."

"खंड?"

"नाही."

"बक्षीस काढ. काढलंस? आता तेच परत बांध."

"बाबा, मला ऑफिसला उशीर होतोय."

"मग बोलतेस कशाला, बांध."

मधेच एक मतदान आलं. प्रस्ताव लांबलचक. मी पहिला परिच्छेद वाचून म्हटलं, ठीक वाटतोय, हो देते. बाबा म्हणाले, पुढे वाच. पुढे वाचत गेले तर मलाच पटेना. खर्चाचा आकडा होता, काम काय ते नव्हतं. आमच्या ऑफिसात असं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मी परत पाठवलं असतं. मी तसं म्हणाले. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले. "मग?" म्हणाले. मी 'नाही' दाबलं आणि स्वतःचाच राग आला, कारण त्या नादात गॅसवरचं दूध उतू गेलं. आईने फडकं आणून दिलं.

डोळा छान झाला. दिवाळीच्या थोडं आधी बाबा डोंबिवलीला परतले, आणि तिथून नवीनच काढलं. त्या बेडकाच्या चित्राच्या माणसाला फराळ पाठवायचा.

"त्याने आपलं काम केलं, एक पैसा घेतला नाही. आईने चिवडा केलाय, चकल्या आहेत. पत्ता विचार."

मी ग्रुपवर विचारलं. त्याचं उत्तर आलं, फार फार आभार, पण तो कुणालाच पत्ता देत नाही. हवं तर वॉलेटचा पत्ता आहे. सोबत पुन्हा बेडूक.

"नाव नाही, गाव नाही," बाबा फोनवर म्हणाले. ते चक्रावूनच गेले होते. "आणि वॉलेटवर काय पाठवणार? पैसे? उपकार केलेल्या माणसाच्या हातात असे पैसे देतात का कुणी?"

"मग राहू दे, बाबा."

"राहू दे कसं? दिवाळी आहे."

यावर आमचं चार वेळा बोलणं झालं. भावालाही मधे घेतलं. तो म्हणाला, सोप्पं आहे, टोकनं पाठवून द्या. बाबा त्याला म्हणाले, तू ठेव फोन. शेवटी त्यांनी स्वतःच तोड काढली. त्यांच्या टोकनांतली काही दुसऱ्या दोघांकडून काढून याच्या नावावर बांधायची, म्हणजे बक्षिसातला त्याचा वाटा त्याला रीतसर मिळत राहील, आणि कुणी कुणाला काही दिलं असंही होणार नाही. मी म्हटलं, उत्तम, करा. मग म्हणाले, फोनवर नको, तू ये, एकदा नजरेखालून घाल.

मी गेले. माणकोलीच्या पुलावरून, पुन्हा पत्र्यांमधून, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, सगळं ठाणं रस्त्यावर असताना. बाबांनी नव्या डोळ्याने एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, माझ्याकडून खात्री करून घेतली, आणि स्वतःच बटण दाबलं. मला बघण्यासारखं काही नव्हतंच.

"एवढ्यासाठी मला बोलावलंत?" मी म्हणाले.

"फराळाचा डबा न्यायचा होता ना," आई म्हणाली, आणि त्या माणसासाठी बांधून ठेवलेला डबा तिने माझ्या हातात दिला. त्यावर बाबांनी इंग्रजीत 'To' लिहून पुढची जागा रिकामी सोडली होती.